लुद्विकाच्या दुलईची पिसं

ओल्शिना, सेंट मार्टिनच्या सणानंतरचा सोमवार

लुद्का,

देवाचं नाव घेऊन सुरुवात करते, म्हणजे पुढे जे तिखट लिहीन त्यातला थोडा दोष तरी त्याच्याकडे जाईल.

तू गेलीस त्यानंतर राय धान्य कापून झालं, बटाटे निघाले, कोबी चिरून पिंपात गेला, आणि तुझ्याकडून कागदाचा एक कपटा नाही. माझ्यावर रागावायचं काय कारण? मला लिहितावाचता येतं म्हणून मी काही तुझ्या मुखिया बापाची मुन्शी नाही. तुझा बाप जे बोलला ते तो बोलला. मी त्या वेळी गोठ्यात होते आणि माझ्या हातात बादली होती.

आळीतल्या पेट्रोनेलाचा दीर गाडी घेऊन वूच शहरात गेला होता. तो काल आपल्याकडे आला आणि मुद्दाम तुझ्या बापासमोर, टोपी मांडीवर ठेवून, सगळं सांगत बसला. गिरणीच्या फाटकाशी तू त्याला दिसलीस म्हणे. पोट दिसायला लागलं आहे, फेब्रुवारीत, मेणबत्त्यांच्या सणाच्या सुमाराला मोकळी होशील. एका खोलीत दोन कुटुंबं राहता आणि मध्ये चादरीचा पडदा आहे. तुझ्या नवऱ्याने, ब्लाझेयने, त्याला हसत हसत सांगितलं, की रात्री तुम्ही दोघं त्याचा कोट पांघरता आणि सकाळी तोच गरम कोट घालून तो कामाला जातो. यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. तुझा बाप घोड्याचा पट्टा शिवत होता.  शिवता शिवता दाभण बोटात घुसला, एवढंच.

आता ऐक. माळ्यावर तुझ्या पिसांची पोती टांगलेली आहेत. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून तुझ्या आईने, झोफियाने, ती तुझ्यासाठी भरायला घेतली, आणि ती गेल्यावर मी भरत राहिले. प्रत्येक आई आपल्या लेकीसाठी भरते, तशीच. दुलई न घेता सासरी गेलेली मुलगी या गावात अजून झालेली नाही, आणि ती माझ्या भावाच्या घरातून होणार नाही.

तुझा बाप उन्हाळ्यात अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडला होता, की गुराख्याच्या पोराशी लग्न केलंस तर या घरातली वस्तू तुझ्यामागे येणार नाही. ठीक आहे. कोठार त्याचं, घोडे त्याचे, खुंटीवरचा दोरसुद्धा त्याचा. पण हंस बायकांचे. हंस विकून आलेले पैसे बायकांचे आणि हंसांची पिसंही बायकांची, हे पाद्रीबाबासुद्धा नाकारणार नाहीत. आणि आपल्या अंगणातल्या त्या भांडखोर हंसांना या घरात माझ्याशिवाय कोण विचारतं?

तेव्हा नाताळाआधीचा आगमनकाळ लागला की मी काडीपासून पिसं सोलायला बायका बोलावते. मूल जन्मायच्या आत दुलई तुझ्या खोलीत पोचली पाहिजे. बाकीचं तू आणि तुझा बाप बघून घ्या.

मी ठणठणीत आहे. गुडघा सोडून.

तुझी आत्या,
मार्त्सेला

ओल्शिना, सेंट आंद्रेयचा दिवस

लुद्का,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळी. दुकानाच्या पाटीवर याहून जास्त मजकूर असतो.

तू लिहितेस की दुलई नको, पगार झाला की आम्ही घोंगडी विकत घेणार आहोत. आणि बाबांनी स्वतः बोलावल्याशिवाय मी त्या उंबरठ्यावर पाय ठेवणार नाही. शाब्बास. तिकडे तुझा बाप म्हणतो, ती येऊन हात चुंबून माफी मागेपर्यंत मी तिचं नाव काढणार नाही. तुम्हा दोघांना एका नांगराला जुंपलं तर पेरणीचे दिवस टळून जातील आणि दोघं एकमेकांकडे बघत उभे राहाल.

घोंगडी म्हणे. घोंगडीत बाळंतीण निजवतात का कुणी?

मी त्याला सांगून टाकलं. लपवून करायला मी काही चोरी करत नाही. तो जेवत होता.

"वालेंटी, पिसं सोलायला बायका बोलावते आहे."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"या वयात तुला दुलई कशाला?"

"थंडी वाजते."

त्याने चमचा खाली ठेवला. "मार्त्सेला, मला मूर्ख समजू नकोस."

"मग विचारतोस कशाला? पिसं माझी, हात बायकांचे. तुझं जाणार काय?"

"माझं टेबल."

"टेबल परत मिळेल."

त्यावर त्याने चमचा पुन्हा उचलला. मला वाटलं, जिंकले. पण रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहून, कुणाचंच नाव न घेता, तो मोठ्याने म्हणाला, "ज्या घराला वसंतात माझे घोडे लागणार नाहीत, त्या घरातल्या बाईने खुशाल माझ्याकडे येऊन पिसं सोलावीत." आता तूच सांग, या गावात नांगरायला त्याचे घोडे कुणाला लागत नाहीत?

तरी मी दारोदार फिरले. अख्ख्या आळीत अचानक रोगाची साथ आलेली. एकीची पाठ, एकीचे डोळे. पेट्रोनेला म्हणाली, "अगं मार्त्सेला, माझी बोटं सुजलीत, काडीसुद्धा धरवत नाही." हे ती पाव मळता मळता सांगत होती. मी म्हटलं, पीठ सुजलेल्या बोटांना बरं असतं का? ती हसली, पण हो म्हणाली नाही.

शेवटी गावाच्या टोकाला तुझ्या सासूकडे गेले. कुनेगुंडा शेळीला पाला घालत होती. मला आत बोलावलं, स्टूल पुसून दिलं, आणि स्वतः उभी राहिली.

"तुम्ही आलात, बरं वाटलं," ती म्हणाली. "पण मी येणार नाही. माझा ब्लाझेय मागणी घालायला आला होता, तेव्हा तुमच्या घरात त्याला कुणी बसा म्हटलं नाही. उभ्यानेच परत पाठवला. आम्ही मुखियाची गुरं राखतो, पण आम्हालाही गुडघे आहेत. मग मी त्या बाकावर का बसू?"

मी उठले. खरंच, त्याला कुणी बसा म्हटलं नव्हतं.

परत येताना बर्फ पडायला लागला. शुक्रवारपासून पिसं सोलायला बसायचं ठरवलं आहे. कुणी आलं नाही तर मी एकटी सोलीन. एकटीने सगळी पोती संपायला दुसरा हिवाळा उजाडेल, तोवर तुझं मूल रांगत येऊन मला मदत करील.

मार्त्सेला आत्या

ओल्शिना, आगमनकाळाचा पहिला शनिवार

लुद्का,

आज जरा मोठं लिहिते, कारण काल शुक्रवार होता.

दुपारीच टेबल खोलीच्या मधोमध ओढलं, खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, जवसाच्या तेलात वाटाणा आणि कोबी शिजवून ठेवला. अंधार पडला तसा दिवा लावला. आळीतून कुत्री भुंकली की मी दाराकडे बघायची. कुणी नाही. तुझा बाप शेगडीजवळ बसून पट्टा शिवत होता. तो गेले तीन आठवडे तोच पट्टा शिवतो आहे. तो माझ्याकडे बघत नव्हता आणि मी त्याच्याकडे बघत नव्हते, आणि आम्ही दोघंही दाराकडे कान लावून होतो.

मी पहिलं पोतं उघडलं आणि एकटीच सोलायला बसले. वूचमध्ये तू विसरली असशील म्हणून सांगते: काडी खाली, मऊ ते पोत्यात. आणि बोलताना तोंड वळवायचं.

तेवढ्यात दार उघडलं. कुनेगुंडा. रुमालावर बर्फ, हातात स्वतःचं स्टूल. हो, स्वतःच्या घरचं स्टूल घेऊन आली होती. उंबरठ्याच्या आत एक पाऊल टाकून उभी राहिली, आणि वारा सरळ टेबलावर.

"आत या, बसा," मी म्हटलं.

"घरधनी म्हणतील तर बसते," ती म्हणाली. "नाहीतर हे स्टूल दाराबाहेर ठेवून तिथे सोलते. सून माझी आहे."

लुद्का, त्या बाईच्या अंगावर मांस नाही, वारा आला तर धरून ठेवावं लागेल. पण ती तशीच उभी राहिली. पिसं टेबलावरून उडायला लागली. मी दोन्ही हातांनी झाकते आहे, रुमाल टाकते आहे. तुझ्या बापाने मान वर केली नाही. पट्ट्याकडे बघत म्हणाला, "दार लावा. वारा येतोय." आणि मग, दोन टाके घालून, "बाकावर बसा. ते स्टूल डगमगतंय."

ती बसली. या वर्षात तुझ्या बापाच्या तोंडून यापेक्षा चांगलं वाक्य मी ऐकलेलं नाही.

आधी नुसती पिसांची सरसर. मग तिने विचारलं, लुद्विकाला लहानपणी काय आवडायचं, म्हणजे आता डोहाळे ओळखता येतील. मी सांगितलं, खसखस घातलेल्या शेवया. ती म्हणाली, ब्लाझेयलाही. मग ती सांगू लागली, की त्याच्या वेळी सेंट जॉनच्या रात्री कळा सुरू झाल्या आणि ती शेतातच अडकली होती, आणि मी इतकी हसले की तोंड वळवायचं विसरले. पिसं थेट तुझ्या बापाच्या मिशीत. त्याने ती काढली, पण तो उठून गेला नाही.

माळ्याच्या कोपऱ्यातलं एक पोतं खाली काढलं तेव्हा तिने ते दिव्याजवळ धरलं. "हे कापड जुनं आहे. पिवळं पडलंय. हे लुद्विकाचं नाही."

"माझं आहे," मी म्हटलं. "आईने माझ्यासाठी भरलं होतं. लागलं नाही."

 कुनेगुंडाने ते पोतं माझ्याकडे सरकवलं, आणि मी ते तिच्याकडे परत सरकवलं आणि म्हटलं, "सोला. पिसांना कशाला वाट बघायला लावायची?" आम्ही ते तुझ्या ढिगात मिसळलं. तुझ्या दुलईत तीस वर्षांपूर्वीच्या हंसांची पिसं असतील. त्या हंसांचा नरही फार चावायचा, तेव्हा पाय आत घेऊन झोप.

तू समजशील मी रडले वगैरे. तसं काही नाही. पिसांनी डोळे चुरचुरतात, हे तुला माहीत आहे.

कुनेगुंडा पुढच्या शुक्रवारी परत येणार आहे. स्टूल इथेच ठेवून गेली.

आत्या

ओल्शिना, सेंट लुसीचा दिवस

लुद्का, लुद्का,

बसून घे मग वाच. ब्लाझेयलाही वाचून दाखव.

काल खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पेट्रोनेला आली, तिच्या जावा आल्या, पाठीवाली आली, डोळ्यांवाली आली. दया आली म्हणून नव्हे. गुराख्याची बायको मुखियाच्या बाकावर बसली, ही बातमी गावात फिरली, आणि दुसऱ्या खेपेला हे स्वतः न बघता घरी बसणं पेट्रोनेलाच्या जिवाला झेपण्यासारखं नव्हतं. ती आली म्हणून बाकीच्या आल्या. सगळ्यांच्या घरी मिळून वसंतात घोडे लागणार, तेव्हा तुझा बाप कुणाकुणाला नाही म्हणेल, असा त्यांनी हिशेब केला. बायकांच्या हिशेबात चूक नव्हती.

तुझा बाप शेगडीजवळ. पट्टा हातात. कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं, पण सगळ्या त्याला ऐकू जाईल असंच बोलत होत्या.

पेट्रोनेला म्हणाली, "सगळं ठीक आहे, पण चिमणी कुठाय?"

"खरंच की," दुसरी म्हणाली. "नवरीची पिसं, आणि एकाही पोराने खोडी काढायला खोलीत चिमणी सोडली नाही?"

"माझ्या वेळी दोनदा सोडली होती. आईने झाडूने पोरांना आळीच्या टोकापर्यंत पळवलं."

"इथे कोणता पोरगा धजेल? मुखियाचं घर."

"मग काय," पेट्रोनेलाने उसासा टाकला, तिला तो फार छान टाकता येतो. "चिमणी नाही तर ही नवरीची दुलई कसली? एखाद्या म्हातारीच्या उशीची पिसं सोलतोय असं वाटतंय. बिचारी लुद्विका. जन्मभर सांगतील, हिच्या पिसांत चिमणीसुद्धा उडाली नाही."

कुनेगुंडाने मान खाली घातली. मला पेट्रोनेलाच्या तोंडात वाटाणा कोंबावासा वाटला.

तुझा बाप उठला. "घोड्याला पाणी पाजून येतो," म्हणाला आणि बाहेर गेला. घोड्याला पाणी त्याने अंधार पडायच्या आधीच पाजलं होतं, मीच विहिरीवरून ओढून दिलं होतं. मला वाटलं, त्याला बोलणं लागलं. आता तो कोठारात बसेल आणि आठवडाभर माझ्याशी बोलणार नाही.

आम्ही सोलत राहिलो. टेबलावर एवढा ढीग झाला होता की समोरच्या पेट्रोनेलाचं मला फक्त कपाळ दिसायचं, आणि ते मला बरं वाटत होतं.

मग दार करकरलं. अगदी बोटभर फट. आणि काहीतरी तपकिरी खोलीत आलं आणि दिव्यावर आपटलं.

चिमणी. वेड लागल्यासारखी फडफडत टेबलावरून गेली, परत आली, छताला आपटली, ढिगात पडली आणि पुन्हा उठली. लुद्का, मला तुला ते सांगता येत नाही. काहीच दिसेना. सगळं पांढरं. बायका किंचाळत होत्या, रुमाल डोक्यावर ओढत होत्या, एकमेकींवर पडत होत्या, पाठीवाली टेबलाखाली गेली आणि तिच्या पाठीला काही झालं नाही. पेट्रोनेलाच्या उघड्या तोंडात मूठभर पिसं गेली. आम्ही खोकत होतो, शिंकत होतो आणि हसत होतो, आणि मी किती वर्षांत तशी हसले नव्हते.

तेवढ्यात तुझा बाप आत आला. कडक चेहरा करून. "काय चाललंय हे माझ्या घरात?"

सगळ्या त्याच्याकडे वळल्या.

त्याच्या केसांत छपराचं गवत अडकलेलं होतं. उजव्या हाताच्या अंगठ्यावर टोचल्याची लाल खूण. आणि छपराला लावायची शिडी गोठ्यामागे असते, ती आज सकाळी मला कोठाराच्या वळचणीला लागलेली दिसली.

पेट्रोनेलाने तोंडातली पिसं काढली. "कुणा पोराचं काम असेल, मुखिया."

"असेल," तो म्हणाला. "पोरांना उद्या बघतो."

कुणी हसलं नाही. हसू दाबताना मात्र एकदोघींचे खांदे हलत होते. मग तो कुनेगुंडाकडे बघायला लागला आणि हळूच म्हणाला, "हलू नका, विहीणबाई. तुमच्या डोक्यावर बसलीये."

खरंच, चिमणी दमून कुनेगुंडाच्या रुमालावर बसली होती. पण चिमणीकडे कुणी बघितलंच नाही. विहीणबाई म्हणाला, लुद्का. एवढ्या बायकांसमोर, मोठ्याने. कुनेगुंडाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हलत नव्हती, कारण हलू नका म्हटलं होतं. तो पुढे आला, दोन्ही हातांनी चिमणी उचलली, आणि दाराबाहेर नेऊन सोडली.

पिसं गोळा करायला अजून एक संध्याकाळ लागेल. संतांच्या तसबिरींमागेसुद्धा आहेत.

आता तू मला सांग, यापुढे त्याने आणखी काय म्हणायला हवं?

आत्या

ओल्शिना, नाताळचा तिसरा दिवस

लुद्का,

तू लिहितेस की चिमणीचं वाचून तू हसलीस, मग रडलीस, मग ब्लाझेयने पुन्हा वाचायला लावलं. आणि तरी शेवटी तेच: बाबांनी मला बोलावलेलं नाही. चिमणी सोडणं म्हणजे बोलावणं नव्हे.

बरोबर आहे. वाईट वाटलं, पण बरोबर आहे. ब्लाझेयला उभ्याने परत पाठवलं होतं, ते एका चिमणीने भरून निघत नाही.

मी तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. हो, सगळं. तू चिडशील तर चीड. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "ते परत वाच. भिंतीवर बर्फ येतो ते." मी वाचलं, की तुमच्या खोलीच्या आतल्या बाजूला सकाळी भिंतीवर पांढरा थर असतो. "आतल्या बाजूला?" त्याने विचारलं. मी म्हटलं, आतल्या. तो उठला आणि गाईंना चारा घालायला गेला. गाईंना चारा घालून झाला होता.

दुलई शिवून झाली. जाड कापडाला आतून मेण चोळलं, एकही पीस बाहेर येणार नाही. कुनेगुंडाने कडेला लाल टाके घातले. तिची नजर कमी झाली आहे, म्हणून ते थोडे वाकडे आले आहेत. ते उसवू नकोस.

नाताळच्या संध्याकाळी चर्चमधून आणलेली पांढरी पापडी मोडून सगळ्यांनी एकमेकांना दिली. कुनेगुंडा आणि तिचा नवरा आपल्याकडे जेवायला होते. या पत्रात पापडीचा एक तुकडा आहे. तो मी घातलेला नाही.

आत्या

ओल्शिना, तीन राजांच्या सणानंतर, सकाळ

लुद्का,

हे पत्र टपालाने नाही, तुझ्या बापाच्या खिशातून येतं आहे. त्याला वाचता येत नाही, तेव्हा मी मोकळेपणाने लिहिते. तो अंगणात उभा आहे आणि दर दोन मिनिटांनी खिडकीवर टकटक करून विचारतो, झालं का.

तो वूचला चालला आहे. नांगराची साखळी घ्यायला, असं त्याने पेट्रोनेलाला सांगितलं. साखळी तालुक्याच्या बाजारातही मिळते, आणि जानेवारीत नांगर कोण धरतं, पण पेट्रोनेलाने विचारलं नाही. ती सुधारते आहे. जाता जाता दुलई टाकून येईन, असं मला म्हणाला.

तर ऐक. तो तुझ्या दारात येईल आणि टोपी हातात धरून उभा राहील. त्याला तू बसा म्हण. ब्लाझेय घरी असेल तर ब्लाझेयने म्हणावं, ते जास्त चांगलं. मला माहीत आहे, मी फार मागते आहे. पण म्हणा. तो माफी मागणार नाही, त्याला ती कशी मागतात हे कुणी शिकवलेलं नाही. तो साखळीबद्दल बोलेल. भिंतीकडे बघेल. त्याला गरम चहा द्या आणि त्याच्या तोंडून काही काढायची घाई करू नका.

मी माझी खोली रिकामी केली आहे आणि शेगडीजवळच्या बाकावर झोपते. खोलीला ओल येते म्हणून. काल तिला चुना लावला. वूचच्या सुईणीने प्रवास नको म्हटलं तर अजिबात निघू नकोस, बाप तिथे राहील, पडद्याच्या अलीकडे घोरेल, शेजाऱ्यांना सवय होईल. पण ती हो म्हणाली तर ये. ब्लाझेयला सुट्टी मिळत नसेल तर त्याने मूल झाल्यावर यावं, बाकावर त्याची जागा आहे, हे तुझ्या बापाने मला सांगितलं आणि तुला सांगायला सांगितलेलं नाही.

आता त्याची घसरगाडी बघून आले. आत गवताचा थर इतका जाड की माणूस बुडेल. वर मेंढीचं कातडं, तळाशी फडक्यात गुंडाळलेल्या गरम विटा. पाठ टेकायला उशी. त्याने बाहेरगावी जाताना स्वतःसाठी कधी वीट तापवली नव्हती.

मी दुलई गाडीत ठेवायला गेले तर म्हणाला, "वर ठेव, ताई. पटकन काढता आली पाहिजे." ताई म्हणाला. तो मला ताई फक्त भीती वाटली की म्हणतो. मग लगाम हातात घेऊन उभाच राहिला. घोडा निघायला बघतो आहे आणि हा निघत नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

त्याने घोड्याच्या मानेवर हात फिरवला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आणि ती आली, पण रस्ताभर माझ्याशी बोललीच नाही तर?"

मी म्हटलं, "मग घोडा हळू हाक."

मार्त्सेला